“ताई, ह्यातनं किती लांबचं दिसतं?” : टेली लेन्स आणि साताऱ्याचे शिकारी पक्षी

दहिवडीच्या पुढं टपरीवर चहाला थांबलं की कुणीतरी हमखास विचारतं, “ताई, ह्यातनं किती लांबचं दिसतं?” बाकड्यावर हातभर लांबीची लेन्स ठेवलेली असते. एवढं मोठं नळकांडं लांबचं बघायलाच असणार, हा अंदाज रास्तच आहे. ६०० मिलिमीटरची टेली लेन्स पहिल्यांदा हाती आली तेव्हा मीही त्याच समजुतीत होते. माण तालुक्याच्या माळावर शंभर-सव्वाशे मीटरवर गरुड बसलेला दिसला की गाडी थांबवायची आणि खिडकीतून फोटो घ्यायचे. अख्खा हिवाळा तसा गेला. घरी येऊन संगणकावर बघावं तर प्रत्येक फोटोत पक्षी आहे, पण त्याला डोळा नाही, पिसं नाहीत. ओल्या कागदावर शाई फुटावी तसा आकार. लेन्स बिघडली असेल म्हणून तपासायला दिली. लेन्स ठणठणीत होती.

आता टपरीवर कुणी विचारलं तर मी सांगते, की दिसतं लांबचंही, पण फोटो जवळचाच येतो. असं का होतं हे कळायला थोडं गणित लागतं, थोडा हवेचा स्वभाव कळावा लागतो, आणि सगळ्यात जास्त पक्ष्याची वागणूक.

तीस मीटर, सहा मिलिमीटर

कॅमेऱ्याच्या आत ज्या तुकड्यावर चित्र उमटतं तो सेन्सर. फुल फ्रेम कॅमेऱ्यात तो ३६ मिमी रुंद आणि २४ मिमी उंच असतो. विजेच्या तारेवर ताठ बसलेली कापशी घार डोक्यापासून शेपटीपर्यंत साधारण ३० सेंमी भरते. सेन्सरवर ती केवढी उमटेल हे काढायला शाळेतलं त्रैराशिक पुरतं. पक्ष्याची उंची गुणिले लेन्सची फोकल लेन्थ (तिच्यावर लिहिलेला मिलिमीटरचा आकडा), भागिले पक्ष्याचं अंतर. लेन्स ६०० मिमीची आणि अंतर ३० मीटर, तर उत्तर ६ मिमी. चौकटीच्या उंचीचा पाव भाग. ६० मीटरवर ३ मिमी. शंभर मीटरवर १.८ मिमी, आणि डोळा, चोच, खांद्यावरच्या काळ्या डागाची कड हे सगळं तेवढ्यात बसवायचं.

आता उलट्या बाजूने बघा. १५ मीटरवर तीच कापशी १२ मिमीची होते, म्हणजे अर्धी चौकट. अंतर निम्मं झालं की पक्षी उंचीला दुप्पट आणि क्षेत्रफळाने चौपट. याचाच अर्थ असा, की ३० मीटरवरून ६०० मिमीची लेन्स जेवढी कापशी देते तेवढीच १५ मीटरवरून साधी ३०० मिमीची देते. या दोन लेन्सच्या किमतीत आणि वजनात किती अंतर आहे ते दुकानात गेल्यावर कळतंच. नव्याने सुरुवात करणाऱ्या मुलांना मी म्हणूनच सांगते, की घरात जुनी ३०० ची असेल तर वर्षभर तीच वापरा.

क्रॉप सेन्सरच्या, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या कॅमेऱ्याबद्दल एक गैरसमज आहे. त्यात लेन्स दीडपट लांब होते असं म्हणतात. लेन्स आहे तेवढीच राहते आणि पक्षीही सेन्सरवर तेवढाच उमटतो. फक्त भोवतीची चौकट लहान असते, त्यामुळे पक्षी तिच्यात जास्त जागा व्यापतो. फायदा खरा आहे, पण कारण हे आहे.

टेलिकन्व्हर्टर म्हणजे लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसवायचं भिंग. १.४ पटीचा लावला की प्रकाश एका स्टॉपने कमी, म्हणजे निम्मा होतो. २ पटीचा लावला की दोन स्टॉपने, म्हणजे चौथाई. एफ/६.३ च्या लेन्सवर तो लावला की फोकस चाचपडू लागतो (एफचा आकडा जेवढा मोठा, तेवढा आत येणारा उजेड कमी). मी तो फार क्वचित वापरते.

आणखी एक अडचण पहिल्या दिवशीच कळते, ती म्हणजे पक्षी सापडतच नाही. हात लांब करून दोन बोटं डोळ्यासमोर धरा. त्यांच्याआड जेवढं झाकलं जातं, साधारण तेवढाच आडवा भाग ६०० मिमीच्या लेन्समधून दिसतो. बाकी सगळं आकाश चौकटीबाहेर. म्हणून झूम लेन्स असेल तर आधी ती मागे घ्यायची, पक्षी मधोमध आणायचा आणि मग झूम वाढवायचा. दुसरा डोळा उघडा ठेवायची सवय लागली तर फारच उत्तम.

मधली हवा

शाईच्या डागासारखे माझे ते फोटो कशामुळे आले, हे कळायला मला वर्ष लागलं. कारण अगदी साधं होतं, ते उन्हात डोळ्यांसमोर नाचत होतं, आणि तरी मी लेन्सकडे बोट दाखवत होते.

उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर लांब पाणी साचल्यासारखं दिसतं, पलीकडची बाभळ लटलटते. तापलेल्या जमिनीलगतची हवा हलकी होऊन वर चढते, तिच्या जागी गार हवा उतरते, आणि या दोन्ही हवांमधून प्रकाश वेगवेगळ्या कोनात वाकतो. माळावर असे गरम-गार हवेचे असंख्य लहान गोळे सतत वर-खाली होत असतात. त्यातला प्रत्येक गोळा म्हणजे एक वाकडंतिकडं भिंगच. पक्ष्यापासून निघालेला प्रकाश त्या सगळ्या भिंगांतून गाळून आपल्यापर्यंत येतो. नुसत्या डोळ्याला हा थरथराट फारसा जाणवत नाही, पण टेली लेन्स पक्ष्याबरोबर त्या थरथराटालाही मोठं करते. शटर स्पीड कितीही वाढवला तरी त्या क्षणाला वाकलेली प्रतिमा वाकलेलीच पकडली जाते. किमती लेन्सनेही यातून सुटका होत नाही.

माण-खटावचा माळ, नांगरलेली काळी रानं, मुरमाड टेकड्या या सगळ्या जागा भराभर तापतात. हिवाळ्यातही सकाळी साडेनऊ-दहानंतर जमिनीवर किंवा खुरट्या झुडपावर बसलेल्या पक्ष्याचा लांबून फोटो घेणं मी सोडून दिलं आहे. उपाय आहेत, पण ते कॅमेऱ्याच्या बाहेरचे आहेत. सूर्य उगवल्यापासून पहिला दीड तास गाठायचा. ढगाळ दिवस किंवा पावसाची सर पडून गेल्यानंतरची वेळ धरायची. लेन्स आणि पक्षी यांच्यामध्ये डांबरी रस्ता किंवा मोकळं नांगरट येणार नाही अशी जागा बघायची. गवतावरची हवा त्या मानाने शांत असते. आणि अंतर कमी करायचं. १५ मीटर हवेतून येणारं चित्र आणि ६० मीटर हवेतून येणारं चित्र यांची तुलनाच होत नाही.

थंडीत याच्या उलटा प्रकार गाडीतच घडतो. काचा लावून आलेलो असतो, आत ऊब असते. पक्षी दिसताच काच खाली केली की आतली गरम हवा खिडकीतून बाहेर पडते आणि नेमकी लेन्सच्या तोंडासमोर थरथरते. म्हणून माळाचा पट्टा सुरू व्हायच्या आधीच आम्ही काचा खाली करतो. कानटोपी घालून बसायचं, पण आत आणि बाहेर गारवा सारखा ठेवायचा.

एकाच जिल्ह्यात दोन मुलूख

साताऱ्याचं नशीब असं, की महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला माण तालुक्यात त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या प्रवासात शिकारी पक्ष्यांचं अख्खं गणगोत बदलतं, आणि फोटो काढायची पद्धतही.

पश्चिमेला कोयना, महाबळेश्वर, बामणोलीकडच्या झाडीत तुरेवाला सर्पगरुड आहे. तो रस्त्याकडेच्या फांदीवर तासन् तास बसतो आणि त्याची लांब शीळ आधी ऐकू येते. झाडांच्या शेंड्यांवरून काळा गरुड इतक्या संथपणे तरंगत जातो, की तो उडतोय की वाहतोय असं वाटावं. इथे अडचण अंधाराची. सावलीतल्या फांदीवर प्रकाश उन्हाच्या कितीतरी पट कमी असतो. इथे एफ/४ आणि एफ/६.३ यांतला फरक जाणवतो, कारण एफ/४ ची लेन्स जवळपास अडीचपट प्रकाश आत घेते. ती नसेल तर आयएसओ, म्हणजे कमी उजेडातही फोटो उजळ करणारं कॅमेऱ्यातलं सेटिंग, वाढवायचा; फोटो थोडा दाणेदार होतो. ३२०० चा आकडा बघून घाबरू नका. दाणेदार फोटो नंतर साफ करता येतो, हललेला फोटो कशानेच सुधारत नाही.

पूर्वेला मायणी, येरळवाडी, दहिवडी, म्हसवडच्या पट्ट्यात उजेड हवा तेवढा आहे. तारांवर आणि एकट्यादुकट्या बाभळीवर बसून उंदरांवर नजर ठेवणारी लाल डोळ्यांची कापशी बारा महिने दिसते. तिशाचे डोळे पांढरे असतात. तो शांत स्वभावाचा, एका जागी बराच वेळ बसणारा. सापमार गरुड वाऱ्यात जागच्या जागी थांबून खाली साप शोधतो. हिवाळ्यात खरुची, म्हणजे छोटा ससाणा (केस्ट्रेल), येते. मध्य आशियातल्या कझाकस्तानकडच्या गवताळ मैदानांतून भोवत्या (हॅरियर) येतात आणि आपल्या माळावर नाकतोडे वेचत फिरतात. ऑक्टोबर ते मार्च हा त्यांचा मुक्काम.

खरुचीबद्दल थोडं जास्त सांगते, कारण उडत्या शिकारी पक्ष्याचा फोटो शिकायला तिच्यासारखी गुरू नाही. ती वाऱ्याकडे तोंड करून हवेत एकाच जागी थांबते. पंख फडफडतात, शेपटी पंख्यासारखी उघडते-मिटते, पण डोकं खिळा ठोकल्यासारखं स्थिर असतं, कारण तिला खालच्या गवतातली हालचाल टिपायची असते. आपल्याला फोकस लावायचा तो त्या डोक्यावरच. उडतोय पण जागचा हलत नाही, असा पक्षी दुसरा कुठे मिळणार?

जवळ येऊ द्यायचं की नाही, हे तो ठरवतो

पहिल्या हिवाळ्यानंतर म्हसवडच्या रस्त्याला एका तिशाच्या मागे मी पायी चालत होते. मी चार पावलं टाकली की तो पुढच्या झाडावर, मी तिथे पोचले की त्याच्या पुढच्या. मेंढरं घेऊन चाललेले एक आबा बराच वेळ बघत होते. जवळ येऊन म्हणाले, “ताई, गाडीतनं उतरू नगासा. माणूस चालत आला की उडतंय ते. मेंढराला भीत न्हाई, गाडीला भीत न्हाई.” दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच बाभळीखाली आम्ही गाडी उभी केली. तिसा वर बसून राहिला. अंतर असेल बारा-तेरा मीटर.

आबांनी सांगितलं त्यामागे साधं कारण आहे. दोन पायांवर सरळ आपल्या रोखाने येणारा आणि थेट डोळ्यांत बघणारा प्राणी शिकाऱ्याच्या चालीने चालत असतो. शिकारी पक्ष्याची नजर फार तीक्ष्ण असते. आपल्या डोळ्याच्या पडद्यावर सर्वांत स्पष्ट दिसण्याचा बिंदू एक असतो, त्यांच्यातल्या बहुतेकांच्या प्रत्येक डोळ्यात दोन. आपण त्यांना पाहतो त्याच्या किती तरी आधी त्यांनी आपल्याला पाहून ठेवलेलं असतं. गाडी मात्र रोज त्याच रस्त्याने जाते-येते आणि तिच्यातून कधी काही बाहेर आलेलं नसतं.

आमची रीत अशी. भाऊ गाडी चालवतो, मी मागच्या सीटवर बसते, म्हणजे दोन्ही खिडक्या माझ्या. पक्षी लांबून दिसला की तिथेच एकदा थांबायचं, दोन-चार फोटो घ्यायचे. मग रांगत थोडं पुढे, पुन्हा थांबायचं. त्याच्या रोखाने सरळ न जाता बाजूने सरकायचं. शेवटच्या थांब्यावर इंजिन बंद, कारण चालू इंजिनाची थरथर लेन्समध्ये उतरते. खिडकीच्या काठावर ज्वारी भरलेली पिशवी आणि तिच्यावर लेन्स. जुन्या जीन्सच्या पायाची पिशवी शिवून त्यात दोन-अडीच किलो ज्वारी भरली की बाजारातल्या बीनबॅगपेक्षा छान बसते. आत कमीत कमी हालचाल करायची, बोलायचं ते हळू. रस्त्यावर गाडी उभी करताना पूर्ण कडेला घ्यायची हे वेगळं सांगायला नको. ऊसाच्या ट्रॉल्या अंधारात, धुक्यात येत असतात.

पक्षी काय म्हणतोय ते त्याच्या अंगावर लिहिलेलं असतं. एक पाय पोटाखाली घेतलेला, पिसं फुगवलेली, चोचीने पंख साफ करणं चालू, डोळे अर्धे मिटलेले, तर त्याला तुमचं काही वाटत नाही. पिसं अंगाला चापून बसली, मान ताठ झाली, नजर तुमच्यावर खिळली की त्याची हद्द आली समजा. तिथेच थांबायचं, किंवा थोडं मागे घ्यायचं. त्यानंतर तो पुढे वाकतो, अंग आवळतो, बऱ्याचदा शिटतो, आणि पुढच्या काही क्षणांत उडतो. उडण्याचा फोटो हवा असेल तर बोट शटरवर ठेवायची हीच वेळ. पण तो आपल्यामुळे उडत नाही ना, हे आधी बघा. थंडीच्या सकाळी शिकारीवर टपून बसलेल्या पक्ष्याला तीन-चार वेळा उठवलं तर त्याची सकाळची शिकार गेली. त्याला त्या दिवशी तेवढंच मिळणार होतं, असंही असू शकतं.

माणसाला किती जवळ येऊ द्यायचं याचं गणित प्रत्येक प्राण्याचं असतं आणि ते बदलतं, याचा एक पुरावा साताऱ्यातलाच आहे. ठोसेघरच्या वर चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या आहेत. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी तिथे केलेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्या नसलेल्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपट आढळले. आणि पवनचक्क्यांच्या भागात, जिथे वरून झडप घालणारे कमी झाले होते, तिथे पंख्यासारखा गळा असलेल्या सरड्यांची संख्या वाढलेली होती, आणि ते सरडे माणसाला जास्त जवळ येऊ देत होते. आकाशातून शिकारी पक्षी कमी झाले, तर जमिनीवरच्या सरड्याचं भय कमी झालं. मी तो अभ्यास वाचल्यापासून त्या पठारावर गेले की आधी वर बघते आणि मग खाली.

आकडे, पण कारणासकट

सेटिंग काय ठेवू, असं विचारणाऱ्याला आकडे पाठ करून देण्यात अर्थ नाही. दोन-तीन कारणं कळली की आकडे आपोआप सुचतात.

हळू उडणारी भोवती सेकंदाला दहा मीटर पुढे जाते असं धरू. १/५०० सेकंद शटर उघडं राहिलं तर तेवढ्यात ती २ सेंमी सरकली. डोळा असा-तसा सेंटीमीटरभराचा, म्हणजे तो पुसला गेलाच. १/२००० ला ती अर्धा सेंमी सरकते, आणि कॅमेरा तिच्याबरोबर वळवत नेला तर त्याहूनही कमी. म्हणून उडत्या पक्ष्याला १/२००० किंवा जास्त. बसलेल्याला हातातल्या ६०० मिमीच्या लेन्सवर १/६०० च्या खाली जाऊ नये असा जुना ठोकताळा आहे. लेन्समधला स्टॅबिलायझर चालू असेल तर आणखी खाली जाता येतं. पण स्टॅबिलायझर आपल्या हाताची थरथर थांबवतो, पक्ष्याची मान नाही.

जवळून फोटो घेताना एक नवीन अडचण उभी राहते. ६०० मिमी, एफ/६.३, आणि पक्षी १० मीटरवर, तर फोकसमध्ये येणारी जागा पुढून मागे सगळी मिळून जेमतेम १० सेंमी. डोळा धारदार आणि शेपटी धूसर, हे अशा फोटोत होणारच. बाजूने बसलेला पक्षी सगळा धारदार येतो, कारण त्याचं अंग आपल्या समोर आडवं पसरलेलं असतं. तोंड आपल्याकडे असलेला बसला असेल तर फोकस डोळ्यावर ठेवायचा आणि बाकीचं सोडून द्यायचं. बघणाऱ्याची नजर आधी डोळ्यालाच भिडते.

उजेड मोजताना कॅमेरा फसतो तो पार्श्वभूमीमुळे. पांढुरक्या आभाळासमोर घार आली की कॅमेरा आभाळाला बघून फोटो काळा करतो. तिथे एक ते दीड स्टॉप वाढवावं लागतं. पांढरी कापशी गडद डोंगरासमोर आली तर उलटं होतं, तिची पिसं नुसता पांढरा ठिगळ होतात. पण विचार करा, पक्ष्यावर पडणारं ऊन दोन्ही वेळा तेवढंच आहे. म्हणून मी उडत्या पक्ष्यासाठी मॅन्युअल मोड वापरते. पाच-दहा मिनिटांनी एकदा ऊन बघून मोजमाप ठरवायचं, आणि मग मागे आभाळ येवो की डोंगर. फाइल रॉ मध्ये (सेन्सरवरची माहिती न छाटता ठेवणाऱ्या प्रकारात) घ्यायची, म्हणजे सावलीतली पिसं नंतर थोडी उजळता येतात. फोकस सतत पाठलाग करणाऱ्या मोडवर, आणि लेन्सवर अंतराची मर्यादा घालणारं बटण असेल तर लांबच्या बाजूला, म्हणजे फोकस जवळच्या गवताच्या पात्यांत अडकत नाही.

सराव कुठे करायचा, याला उत्तर घरावरच आहे. सातारा शहरावर घारी दिवसभर घिरट्या घालतात. मटण मार्केटच्या वर, संगम माहुलीला नदीकाठी, कुठेही. घारीवर हात बसला की मग ससाण्याकडे वळावं.

कड्यावर बसून खाली बघताना

जमिनीवरून वर बघून काढलेला उडत्या पक्ष्याचा फोटो बहुधा पोटाचा असतो. पाठ, पंखांवरची नक्षी, डोळा हे सगळं वरच्या बाजूला राहतं. साताऱ्याला यावर एक उपाय देवानेच दिला आहे, तो म्हणजे कडे.

दरीतून येणारा वारा डोंगराच्या भिंतीवर आपटला की त्याला जायला जागा एकच, वर. अजिंक्यतारा, सज्जनगड, पाचगणीचं टेबललँड, यवतेश्वरकडून कासकडे जाताना लागणाऱ्या कडा, अशा जागी हा वर चढणारा वारा कड्याला लागून एखाद्या सरकत्या जिन्यासारखा चालू असतो. पक्षी त्या वाऱ्यावर पंख न हलवता कड्याच्या धारेने इकडून तिकडे जातात. आपण धारेवर बसलेलो असलो तर ते आपल्या डोळ्यांच्या उंचीवर येतात, कित्येकदा खाली. घार, मोरंगी गरुड, आणि नशीब जोरावर असेल तर शाहीन ससाणा. पाठीवर ऊन, खाली दरीची निळसर झाक, आणि अंतर कधी कधी वीस मीटरसुद्धा नाही. मधली हवाही थरथरत नाही, कारण खाली तापलेली जमीन खूप लांब आहे.

दिवसाची वेळही इथे उलटी चालते. मोठे गरुड सकाळी लवकर उडत नाहीत. जमीन तापून गरम हवेचे स्तंभ वर चढायला लागले की, म्हणजे नऊ-दहानंतर, ते त्यावर स्वार होतात. माळावर ज्या वेळी मी कॅमेरा गुंडाळते त्या वेळी कड्यावर काम सुरू होतं.

वाऱ्याची एक गोष्ट दोन्हीकडे लागू पडते. पक्षी उतरताना आणि उडताना वाऱ्याकडे तोंड करतो. वारा आपल्या पाठीमागून असेल तर तो आपल्याकडे तोंड करून येतो. सकाळचं ऊन पूर्वेकडून, आणि त्या दिवशी वाराही पूर्वेकडून असेल तर पूर्वेला पाठ करून बसायचं; उजेडही त्याच्या तोंडावर आणि तोंडही आपल्याकडे. कड्यावर मात्र वाऱ्याचा विचार आधी स्वतःच्या पायांसाठी करायचा. डोळा कॅमेऱ्याला लावून धारेवर चालायचं नाही. बसायचं, आणि बसल्यावरच कॅमेरा उचलायचा.

जिथे लेन्स खाली ठेवायची

घरट्याचे फोटो मी काढत नाही. शिकारी पक्ष्यांची वीण आपल्याकडे मुख्यतः हिवाळा ते उन्हाळा या काळात असते, म्हणजे फोटोला सगळे बाहेर पडतात तेव्हाच. आई घरट्यावरून उठली की माणमधल्या उन्हात अंडी तापतात, आणि कावळा तर त्याचीच वाट बघत असतो. आपण अर्धा तास झाडाखाली थांबलो आणि आनंदाने घरी आलो, मागे काय झालं ते आपल्याला कळतही नाही. कायदाही हेच सांगतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच वन्य पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विचलित करणं येतं.

जिवंत उंदीर बांधून किंवा सोडून पक्ष्याला कॅमेऱ्यासमोर उतरवणारे लोक मी पाहिले आहेत. फोटो सुरेख येतात. पण रस्त्याच्या कडेला उतरायची सवय लागलेली कापशी गाड्यांच्या चाकांसमोर उतरायला शिकते. मोबाईलवर आवाज लावून बोलावणं, ड्रोन उडवणं, घरट्याची जागा नकाशावर टाकून ग्रुपवर पाठवणं, यातलं काहीही करू नका, एवढं मी कळकळीने सांगते. जागा विचारणाऱ्या ओळखीच्या माणसालाही मी तालुक्याचं नाव सांगते, झाडाचं नाही.

भोवत्यांच्या मुक्कामाच्या जागेचंही तेच. दिवसभर एकेकट्या फिरणाऱ्या भोवत्या संध्याकाळी एखाद्या गवताच्या पट्ट्यात जमतात आणि जमिनीवरच रात्र काढतात. अशी एक जागा आम्हाला ठाऊक आहे. वर्षातून एकदा, डिसेंबरात, आम्ही तिथे जातो, गवतापासून बरंच अलीकडे थांबतो. सूर्य टेकला की पहिली येते, गवतावरून दोन फेऱ्या मारते आणि खाली उतरते. मग दुसरी, तिसरी. तोवर उजेड इतका कमी झालेला असतो की शटर १/६० सेकंदावर आलेलं असतं, कॅमेरा पिशवीत गेलेला असतो, आणि भाऊ हळू आवाजात मोजत असतो. मागच्या खेपेला अकरा झाल्या. जाताना हेडलाइटचा झोत गवतावर पडू नये म्हणून गाडी आम्ही आल्या आल्याच वळवून, तोंड रस्त्याकडे करून लावलेली असते.